वगळलेल्या सतरा पेशी

३ फेब्रुवारी

लंबू,

पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. माझं अक्षर ओळखून न उघडताच टाकून देशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता दाढीकडून लिहून घेतला. दाढी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला आकडेमोड करणारा माणूस. पेशी आम्ही सांभाळायच्या आणि त्यांचा हिशोब त्याने कॉम्प्युटरवर लावायचा. अक्षर इतकं सुबक आहे त्याचं की तुला वाटलं असेल, कुठलंसं बक्षीस लागलं.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘कामात आहे’ म्हणून ठेवून देतोस. पत्राचं बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. तुझा नवा पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते.

आधी कामाचं. सोबत डबीत एक प्लास्टिकची नळी आहे. सकाळी उठल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, दात घासायच्याही आधी, तिच्यात थुंकायचं. निळ्या रेघेपर्यंत. फेस मोजायचा नाही, खालचं पाणी मोजायचं. मग झाकण घट्ट लावून, फॉर्म भरून, छापील पत्त्याच्या पाकिटातून परत पाठवायचं. गॅलरीत उभा राहून खालच्या सायकलींच्या सीटवर नेम धरून थुंकायचास आणि शेजाऱ्यांची बोलणी मला खावी लागायची. त्याच थुंकीसाठी आज मी तुझ्या पाया पडतेय.

कारण ऐक. आईच्या तपासण्यांत एक कागद होता. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे पेशीने काय करायचं याचं लिखाण. त्यातलं एक जनुक दुरुस्तीचं काम करतं. पेशी एकीच्या दोन होताना लिखाणात ज्या चुका होतात, त्या निस्तरतं. आईच्या या जनुकात एक अक्षर वेगळं होतं. एकच. तपासणीवाल्यांनी तेव्हा शेरा मारला होता, ‘अर्थ अनिश्चित’. म्हणजे हा बदल वाईट की निरुपद्रवी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

गेली तीन वर्षं माझं काम तेच आहे. जनुकं हवी तिथे कापणारी एक कात्री असते. डोळ्यांना दिसत नाही, थेंबभर पाण्यात लाखो मावतात. ती घेऊन निरोगी पेशींत नेमकं तेच एक अक्षर बदलायचं आणि पेशींना वाढू द्यायचं. मग एकेक पेशी वेगळी काढून विचारायचं, बाई गं, तुझं कसं चाललंय? डिसेंबरात उत्तर आलं. ते अक्षर बदललं की पेशी दुरुस्ती विसरतात. चुका साठत जातात आणि मग एखादी पेशी बेलगाम होऊन आईसारखी गाठ तयार होते.

आईचा हा बदल तुझ्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. तुझ्याकडे असला, तर तुझ्या लेकीकडे, पिटुकलीकडे, गेला असण्याची पुन्हा निम्मी. असला म्हणजे आजार झालाच असं नाही. पण असेल, तर आतापासून लक्ष ठेवता येतं, आणि लवकर सापडलं तर बरंही होतं. नळी आमच्या तपासणी विभागात जाईल, माझ्या हाती नाही. मला फक्त कागद बघायचाय. माझं म्हणशील तर मी ठीक आहे.

बाबाही ठीक. चष्म्यांचं दुकान रोज उघडतात, आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून धुऊन देतात, मग काय हवंय ते विचारतात. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. घरात तुझा विषय निघत नाही. का निघत नाही, ते आत्ता नको.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

लंबू,

तीन आठवडे झाले. तपासणी विभागातली मुलगी आता मला लांबून येताना बघूनच मान हलवते. म्हणजे नळी आलेली नाही. रोज विचारते म्हणून तिने मला वैताग असं नाव ठेवलंय, असं दाढी सांगत होता.

तुला वाटत असेल, ताईने नेहमीप्रमाणे घाबरवून कामाला लावायचा घाट घातलाय. लहानपणी ‘नखं कापली नाहीत तर बोटं आखडतात’ असं सांगून मी तुझी नखं कापायचे, ते तू विसरला नसशील. हे तसलं नाही.

आज काय झालं ते सांगते, म्हणजे आम्ही इथे काय करतो ते तरी तुला कळेल. पूर्वी आम्ही गाठीचा तुकडा घ्यायचो, सगळा एकत्र वाटायचो आणि मिळून एकच वाचन काढायचो. चाळीस मुलांच्या वर्गाची मिळून एक गुणपत्रिका काढावी तसं. वर्ग पास झाला एवढं कळतं, पण मागच्या बाकावरची चार कोण नापास झाली ते कळत नाही. आता प्रत्येक पेशी तेलातल्या वेगळ्या थेंबात ठेवतो, तिला तिची खूण लावतो आणि एकेकीचं वाचन घेतो. नऊ हजार पेशी, नऊ हजार गुणपत्रिका. त्या दाढीच्या पदरात पडतात.

त्यांत नको ते पुष्कळ मिसळलेलं असतं. मेलेल्या पेशी, एकमेकींना चिकटलेल्या दोन-दोन पेशी, दुसऱ्या नमुन्यातून आलेल्या. ते काढून टाकायला एक चाळणी असते. चाळणी म्हणजे कॉम्प्युटरला दिलेले नियम. बरेचसे मीच लिहिलेत. सातवा नियम असा की, बाईच्या नमुन्यात पुरुषाची पेशी दिसली तर ती बाहेरची समजून वगळावी. आमचे एक्केचाळीस नमुने सगळे बायकांचे, आणि खोलीत पुरुष एकटा दाढी. त्यामुळे सातव्या नियमात काही अडकलं की त्याच्या दाढीतूनच पडलं असं धरून त्याने सगळ्यांना चहा करून द्यायचा, अशी प्रथा पडलीय. अशा पेशी दाढीतून पडत नसतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण चहा तो झकास करतो.

सध्या तो जुने सगळे नमुने पुन्हा चाळतोय. आज त्याने तीनदा चहा केला.

आईचा नमुनाही त्या एक्केचाळिसांत आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः सही करून दिला. ‘मला नाही तर निदान पुढच्या कुणाला उपयोग होईल, आणि तुझंही काम होईल,’ म्हणाली. डब्यांवर नावं नसतात, आकडे असतात. तो तेविसावा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला त्याला हात लावायला मनाई केली आहे. घरच्या माणसाचा नमुना घरच्या माणसाने वाचू नये असा इथला दंडक आहे. चांगला आहे तो दंडक.

गेल्या मंगळवारी दवाखान्यात दोन तास बसून होते, तेव्हा तुझी आठवण आली. म्हणजे, सहज गेले होते. समोर एक उंच मुलगा आईची पिशवी धरून उभा होता. मला आईला निरोप दिला तो दिवस आठवला. तू प्रवासातून तसाच आला होतास, बूटसुद्धा काढले नव्हतेस, आणि मी सगळ्यांसमोर तुला विचारलं, ‘कुठं होतास तू?’ आवाज चढला होता माझा. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं होतं, बोलशील. मी त्या तयारीनेच उभी होते.

असो. नळी पाठव.

ताई

१५ मार्च

लाडक्या लंबू,

आली. नळी आली. वैताग नाव ठेवणारी मुलगी स्वतः जिना चढून सांगायला आली. रेघेच्या वर बोटभर जास्त भरलीस तू. मेल्या, निळ्या रेघेपर्यंत सांगितलं होतं. पण तुझं सगळंच उंच.

चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. नव्हती. मग फॉर्म वाचला. ‘नमुना मागणाऱ्याशी नातं’ या रकान्यात लोक नुसतं भाऊ, बहीण लिहितात. तू ‘धाकटा भाऊ’ लिहिलंयस. दोनदा वाचलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तू खरं पाठवलंस, तर मीही एक खरं सांगते. मी ठीक आहे असं लिहिलं होतं, ते अर्धंच होतं. माझ्यात आईचा बदल आहे. डिसेंबरात प्रयोगाचं उत्तर आलं त्याच आठवड्यात मी तपासून घेतलं. आता दर सहा महिन्यांनी तपासणी. त्या मंगळवारी दवाखान्यात त्याचसाठी गेले होते, सहज नाही. काही निघालेलं नाही आणि मी धडधाकट आहे. कालच पेशींचं खाद्य भरलेला कॅन एकटीने दुसऱ्या मजल्यावर नेला. बाबांना सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझा चष्मा काढून पुसून परत दिला. तुला आधी नाही सांगितलं, कारण तू दयेपोटी नळी पाठवावीस असं मला नको होतं. हट्टीपणा दोघांत सारखाच वाटला गेलाय, त्याला तपासणीची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट. ही जरा विचित्र आहे, तेव्हा शांतपणे वाच.

सोमवारी दाढीने बंड केलं. सातव्या नियमात पुन्हा सतरा पेशी अडकल्या होत्या. आम्ही सगळ्या कप घेऊन त्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिलो. तो म्हणाला, ‘हा चहा मी करणार नाही. हा नमुना वाचला तेव्हा मी इथं नोकरीलासुद्धा नव्हतो. माझी दाढी तेव्हा दुसऱ्या गावात होती. या सतरा जणांचा बाप दुसरा कुणीतरी शोधा.’

सगळ्या हसल्या. मी विचारलं, ‘नमुना कितवा?’

‘तेवीस.’

मोठ्या बाईंनी जुनी नोंदवही काढली. त्या दिवशी यंत्रावर दुसरा एकही नमुना नव्हता. नमुन्याला हात लावणाऱ्या सगळ्या बायकाच. आईला आयुष्यात कधी कुणाचं रक्त दिलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, तिच्या फायली मीच लावायचे. मग एका बाईच्या गाठीत पुरुषाच्या सतरा पेशी आल्या कुठून?

मोठ्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुला भाऊ आहे ना गं?’

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं. तुला आत्ता सांगत नाही, कारण खात्री नाही, आणि खात्री नसताना बोलण्याची शिक्षा मी एकदा भोगली आहे. तुझ्या नळीतलं उरलेलं त्या पेशींशी ताडून बघायला तुझी परवानगी लागेल. दुसरा फॉर्म सोबत आहे. नको वाटलं तर ‘नाही’वर खूण कर, मी एका शब्दाने विचारणार नाही. तसं ते मला जमणार नाही, पण प्रयत्न करीन.

तुझी मोठी बहीण

६ एप्रिल

लंबू,

तुझ्यात बदल नाही.

अधिकृत कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. तुझ्यात नाही म्हणजे तुझ्याकडून पिटुकलीला येण्याचा प्रश्नच नाही. हा कागद नीट ठेव. नाहीतर तू वीजबिलाबरोबर टाकून देशील, म्हणून त्याची एक प्रत तुझ्या बायकोला वेगळी पाठवली आहे. मी कागद वाचला आणि मधल्या जिन्यात पायरीवर बसून हसले. इतकं हलकं मला चार वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसरा फॉर्मही मिळाला. ‘हो’वर खूण आहे आणि मागच्या बाजूला पिटुकलीने जिराफ काढलाय. तो तूच असावास, चष्मा लावलाय त्याला. कार्यालयातले म्हणाले, फॉर्म खराब झालाय, नवा मागवा. मोठ्या बाईंनी जिराफासकट फायलीला लावायला लावला. ताडून बघायला दोन आठवडे लागतील.

तोवर मला जे सांगायचंय ते सांगून टाकते. चांगली बातमी आधी दिली, म्हणजे तू निदान इथवर वाचशील.

तुला ते आठवत असणारच. माझ्याकडून कधी ऐकलेलं नाहीस एवढंच. आई आजारी असताना, त्या सोमवारी दुपारी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, ‘ताई, येऊ का?’ मी म्हटलं, ‘आत्ता नको. औषध लागू पडतंय, मी आकडे बघितलेत. महिन्याभराने ये, तोवर आई हिंडायला-फिरायला लागेल.’ तू म्हणालास, ‘नक्की?’ आणि मी म्हटलं, ‘शास्त्रज्ञ मी आहे की तू?’

ते आकडे बघायचा मला अधिकार नव्हता. आईचा तेविसावा नमुना औषध चालू असताना सुईने घेतला होता. अर्धा गोठवून ठेवला, आणि अर्धा वाटून सरासरी काढली. चार दिवसांत सरासरी आली. मनाई असताना मी ती उघडून बघितली. छान होती. गाठ औषधाला दाद देतेय असं सांगत होती. त्यानंतर अठराव्या दिवशी आई गेली.

उरलेला अर्धा पुढे काही महिन्यांनी एकेक पेशी वेगळी करून वाचला. नऊ हजारांतल्या चारशे पेशी औषधाला मुळीच जुमानत नव्हत्या. सरासरीत त्या बुडून गेल्या होत्या. मागच्या बाकावरच्या मुलांचं मी तुला लिहिलं होतं ना, ते मी असं शिकले.

तू आला असतास म्हणून आई वाचली नसती. पण तुला भेटली असती. लंबू, ती विचारायची रे तुझं. ‘तो कधी येतोय?’ मी सांगायचे, ‘त्याला सुट्टी मिळत नाहीये.’ मीच नको म्हटलंय असं सांगायला मला लाज वाटली, कारण तोवर मला दिसायला लागलं होतं की ती खालावतेय. आणि तेव्हाही मी तुला फोन केला नाही. आज करू, उद्या करू, उद्याचा रिपोर्ट चांगला येईल, असं करत बसले. माझं चुकलंय हे कबूल करायला मला चार दिवस लागत होते, आणि आईकडे चार दिवस नव्हते.

आणि मग सगळ्यांसमोर मी तुला विचारलं, कुठं होतास तू. जो प्रश्न मला कुणीतरी विचारायला हवा होता, तो मी तुझ्यावर ढकलला. ‘तूच नको म्हणालीस’ असं एक वाक्य तू बोलला असतास, तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. तू नाही बोललास. बाबांनी तुझ्याकडे पाठ फिरवली तेव्हाही नाही. तू निघून गेलास, आणि मी चार वर्षं बाबांच्या शेजारी बसून त्यांना तुझ्यावर रागावू दिलं.

तू गप्प का राहिलास, ते मला माहीत आहे. आई गेली त्या दिवशी ताईचा तमाशा नको, म्हणून. लहानपणी मी फोडलेल्या काचांचा आळही तू असाच घ्यायचास. मी प्रेमाला लायक वागले नाही आणि तू मला ते कळूही दिलं नाहीस. माफ कर म्हणायला हात धजत नाही, तरी म्हणते. मला माफ कर.

बाबांना सांगणार आहे. शब्द देते.

ताई

२२ एप्रिल

माझ्या लंबू,

सांगितलं. पण आधी त्या सतरा पेशींचं.

त्या तुझ्या आहेत.

आई तुझ्या वेळी गरोदर होती तेव्हा नाळेतून तुझ्या काही पेशी तिच्याकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. असं सगळ्या आयांच्या बाबतीत होऊ शकतं, आणि काहींच्या अंगात त्या पेशी जन्मभर राहतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. आणि तरी नियम लिहायला बसले तेव्हा लिहिलं, पुरुषाची पेशी बाहेरची समजून वगळावी. चार वर्षांत तो नमुना जितक्या वेळा चाळला गेला, तितक्या वेळा माझ्याच नियमाने तुला आईमधून बाहेर काढलं. घरात केलं तेच मी प्रयोगशाळेतही केलं, आणि दोन्हीकडे मला वाटत होतं की मी स्वच्छता करतेय.

मोठ्या बाई म्हणतात, सतरा पेशींवरून फुशारक्या मारायच्या नाहीत. त्या गाठीत काय करत होत्या तेही कळत नाही. बऱ्याचशा रक्षक जातीच्या आहेत, म्हणजे बाहेरच्याशी लढणाऱ्या. पण त्या खरंच लढत होत्या, की नुसत्या उभ्या होत्या, की उलट गाठीलाच मदत करत होत्या, शास्त्राला अजून माहीत नाही. दाढीला विचारलं तर म्हणाला, ‘भाऊ कसा आहे त्यावरून ठरवा.’ मी म्हटलं, मग लढत होत्या.

माझ्याही असतील तिथे. पण मी आणि आई दोघी बायका, म्हणून माझ्या पेशी चाळणीत अडकत नाहीत. शोधायच्या तर वेगळा खटाटोप करावा लागेल. तो मी करणार नाही. या वेळी तूच.

तीस वर्षं एका जागी टिकून राहिलास, जे तुला घरात अर्धा तास जमलं नाही. आणि आई गेली तेव्हा तू तिच्यापाशी होतास. आपल्या कुणाहीपेक्षा जवळ. मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर चार वर्षं माझ्याच कॉम्प्युटरच्या कचऱ्यात पडून होतं. सातवा नियम बदललाय. आता तिथे असं आहे की, अशा पेशी वेगळ्या ठेवाव्यात आणि आधी चौकशी करावी. दाढीचा चहा त्यामुळे बंद झाला, आणि सगळ्या माझ्यावर नाराज आहेत.

आता बाबा.

गुरुवारी दुपारी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. बाबा एका चष्म्याच्या दांडीला स्क्रू बसवत होते. मी समोरच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. तुझा फोन, माझं उत्तर, आईला काय सांगत होते ते, आणि सतरा पेशी. बाबा मान वर न करता ऐकत होते. तो स्क्रू त्यांच्या हातून तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा मी उचलून द्यायला वाकले तर म्हणाले, ‘राहू दे. मी घेतो.’

मग म्हणाले, ‘तो एका शब्दाने बोलला नाही.’

‘नाही.’

‘आणि तू चार वर्षं.’

‘हो.’

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. समोर बसून जेवत होते आणि मीठ मागायचं तर स्वतः उठून घेत होते. हे मला मिळायलाच हवं होतं आणि मिळाल्यावर बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं. रविवारी दुकान बंद असतं. खालच्या खणातून त्यांनी तुझं कार्ड काढून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांची असतात तसलंच, पण कडा मऊ पडलेलं. तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासूनचे सगळे नंबर, दर वर्षीची एक ओळ, बाबांच्या अक्षरात. शेवटची ओळ चार वर्षांपूर्वीची.

‘त्याचा नंबर किती आहे आता?’ बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

‘कुणाकडून करून घेतो चष्मा, कोण जाणे. त्याचा डावा डोळा तिरका नंबर घेतो. सगळे चुकतात तिथे. डोकं दुखत असेल त्याचं.’ त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. ‘फोनवर नाही सांगता येत नंबर. समोर बसवून बघावा लागतो.’

मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, त्या शेवटच्या ओळीखाली पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारची तारीख घातली, आणि मला म्हणाले, लिही त्याला. पिटुकलीला पण आण म्हणावं, जिराफाला चष्मा काढते म्हणजे तिचेही डोळे तपासून घेतलेले बरे.

तर तसं लिहिलं. तारखेपुढची जागा कोरी आहे, लंबू. कार्ड काउंटरवरच ठेवलंय, बाबा ते खणात परत ठेवू देत नाहीत.

ताई